आधी पगार सांग, मग पाणी आण

पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला की गिऱ्हाईक पहिलं वाक्य काय बोलतं, हे गल्ल्यावर बसून बसून मला पाठ झालं आहे. आज भाजी काय, भाकरी कळण्याची आहे का, जरा पंखा वाढवा. आबांनी पहिल्या दिवशी आमच्या वेटरला ग्लास खाली ठेवूच दिला नाही. त्याचा हात हवेतच धरला आणि विचारलं, "तुले महिनाना कितला पगार भेटस?"

वेटरनं माझ्याकडे पाहिलं. मी गल्ल्यातली नाणी नीट लावायला लागलो. त्यानं हळूच आकडा सांगितला. आबांनी भिंतीवरचा भावफलक वाचला, ओठ हलवत काहीतरी भागाकार केला आणि उठून गेले. पाणीही प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पुन्हा तोच प्रश्न, जणू रात्रीतून पगार वाढला असेल. त्या दिवशी मात्र ते जेवले. नंतर मला कळलं की नंदुरबारमधली बाकीची सगळी हॉटेलं त्यांनी आदल्या दिवशी पालथी घातली होती आणि त्यांच्या हिशेबात त्यातल्या त्यात बरा मीच निघालो होतो. हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. मला ते कौतुक घशाखाली उतरलं नाही.

त्यांचा नियम साधा होता. जो माणूस ताट आणतो किंवा धुतो, त्याला एका दिवसाच्या मजुरीत बायकामुलांना घेऊन त्याच हॉटेलात जेवता आलं पाहिजे. तसं नसेल तिथे जेवायचं नाही. या नियमात बसणारं एकही हॉटेल जिल्ह्यात नव्हतं, आमचंही नव्हतं. मग ते जवळात जवळ कोण पोचतं ते बघत. त्यासाठी एसटीनं हिंडत. लोणखेड्याला कॉलेजसमोरच्या वडापाववाल्याकडे, शहाद्याला, नवापूरला हायवेवरच्या ढाब्यांवर. नवापूरला एकानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं. ती हकिगत ते हसत हसत सांगत, कारण बाहेर काढण्यापूर्वी तिथल्या पोरांचा पगार त्यांना कळला होता आणि तो नंदुरबारपेक्षा जास्त होता.

मूळचे ते रनाळ्याचे, चांगल्या शेतकरी घरातले. तरुणपणी घरच्यांशी बिनसलं, मुंबईला गेले, मालवाहू बोटीवर खलाशांच्या स्वयंपाकघरात लागले आणि एक दिवस इस्तंबूलच्या बंदरात उतरले ते तिकडचेच झाले. तिथल्या एका खानावळीत भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, मग रस्से शिजवले. बायको तिकडचीच केली. मूलबाळ झालं नाही. ती वारली, यांना पेन्शन लागली आणि म्हातारपणी ते रनाळ्याला पुतण्याकडे येऊन राहिले. वाटणीची जमीन त्यांनी मागितली नाही, त्यामुळे पुतण्या त्यांना आदरानं वागवायचा. एकदाच त्याचं डोकं फिरलं. आबांनी त्याच्या बायकोला, ती भाकरी वाढत असताना, पगार विचारला होता. ती बिचारी हसली. पण आबा म्हणाले, हिला कोणी काही देत नाही, मी हिच्या हातचं फुकट कसं खाऊ. तेव्हापासून ते दोन्ही वेळा बाहेर जेवू लागले. सकाळच्या गाडीनं नंदुरबार, संध्याकाळच्या गाडीनं परत.

माणूस म्हणून ते फार अवघड होते. एका जागी बसायचे नाहीत. वरणभात पंख्याखालच्या टेबलावर, भाकरी दाराजवळच्या टेबलावर, ताक हात धुवायच्या बेसिनपाशी उभ्यानं. त्यांच्यामागे ताट घेऊन वेटर फिरायचा. गर्दीच्या वेळी मी वैतागून जायचो. एकदा म्हटलं, आबा, ही काय जागा धरायची शर्यत आहे का. ते म्हणाले, सवय आहे, आणि पुढच्या टेबलावर गेले.

त्या सवयीमागचं त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारी हॉटेल ओसरल्यावर मी स्टेशनकडे निघालो होतो, तेही सोबत आले. सुरतेकडे जाणारी गाडी उभी होती. डब्याच्या दारात आपल्याकडची पोरं लटकलेली, खांद्याला एकेक बॅग. आबा प्लॅटफॉर्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि चालता चालता बोलत होते. तिकडे पहिली काही वर्षं ज्या खानावळीची ताटं ते धुवायचे, तिथे बसून जेवणं त्यांना परवडत नव्हतं. मागच्या दारात उभं राहून पाव खायचा. तिकडे पाव मोजत नाहीत, टेबलावर टोपलीभर ठेवतात, त्यातला उरलेला यांच्या वाट्याला यायचा. मग एका वर्षी साऱ्याच कामगारांचा पगार वाढला. त्या आठवड्यात आबा सुट्टीच्या दिवशी स्वच्छ सदरा घालून पुढच्या दारानं आत गेले आणि बसले. त्यांच्याच दोस्तानं त्यांना ताट वाढलं. म्हणाले, पाच मिनिटं बसलो शेठ, मग वाटलं आता कोणीतरी येऊन उठवील. कोणी उठवलं नाही. पण मीच उठलो.

मग तिकडून परत का आलात, मी विचारलं. पेन्शनवर तिकडे भागत नव्हतं का?

ते म्हणाले, भागत होतं, पण बाहेर जेवता येत नव्हतं. तिकडे महागाईचं चाक फार जोरात फिरतं. पगार वाढतो, त्याच्या मागे थाळी वाढते, थाळीच्या मागे पुन्हा पगार. ज्याला नोकरी आहे तो कसाबसा सोबत पळतो, म्हातारा मागे राहतो. कोणीतरी त्यांना सांगितलं की तिकडची पेन्शन घेऊन इकडे आलास तर राजासारखा राहशील. ते खरंही होतं. "पन ते कसामुळे खरं शे, ते दखा," ते म्हणाले. त्यांनी गाडीच्या दारातल्या पोरांकडे हात केला. या पोरांना कमी मिळतं म्हणून मी राजा. मला ते कळतं, आणि कळूनही मी जेवतो, म्हणून विचारतो.

गाडी सुटली. ते तिच्याबरोबर प्लॅटफॉर्मच्या शेवटापर्यंत चालत गेले.

आमच्याकडे मागच्या मोरीवर रमिलाबाई भांडी घासायची. नवापूरकडच्या एका पाड्यावरची. आधी ती इथल्या मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडायला यायची. डोळ्यांना त्रास व्हायला लागला म्हणून आमच्याकडे आली. कमी बोलायची. तिचा पगार मी फार वर्षं वाढवला नव्हता, कारण तिनं मागितला नव्हता. मला तेव्हा हे कारण पुरेसं वाटायचं.

एके दिवशी आबा ताकाचा ग्लास घेऊन मोरीपर्यंत गेले आणि त्यांनी तिलाही तो प्रश्न विचारला. तिनं सांगितलं. मग त्यांनी आपला नियम तिला समजावला: एवढ्या मजुरीत तू पोरांना घेऊन इथे बसून जेवू शकशील का? हॉलमध्ये त्या वेळी तीन-चार टेबलं भरलेली होती. सगळ्यांना ऐकू जात होतं.

रमिलाबाईनं हातातलं ताट पालथं घातलं आणि म्हणाली, "पैसा राहू द्या आबा. मले आठे कोन बठू दी?"

मी गल्ल्यावर होतो. मला स्पष्ट ऐकू आलं. एका गिऱ्हाइकाला सुटे परत देताना मी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी वर पाहिलं नाही. पुढचे पाच-सहा दिवस त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. आले, जेवले, गेले. त्यांच्या प्रश्नांचा एवढा कंटाळा असूनही ते गप्प असताना मला चैन पडेना.

लॉकडाऊननंतरची दोन-तीन वर्षं आमच्या धंद्यात विचित्र गेली. सुरतेला गेलेली पोरं परत येईनात. तेल, डाळ, गॅस, सगळंच चढत होतं. भावफलकावर मी आकड्यांवर चिकटपट्ट्या लावत होतो. त्यातच एका लग्नसराईत, तिथीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, आमच्या महाराजांनी शेगडी पेटवली नाही. महाराज म्हणजे आमचे आचारी, माझ्या वडिलांनी राजस्थानातून आणलेल्या आचाऱ्याचा मुलगा, माझ्याबरोबर वाढलेला. तो आणि चार वेटर मागच्या अंगणात उभे होते. म्हणाले, नवापूरला एवढा पगार मिळतो, इथे का नाही.

नवापूरचा आकडा त्यांना कोणी सांगितला हे विचारायची गरज नव्हती. थोड्या वेळात आबा जेवायला आले आणि माझा सगळा राग तिथे निघाला. भरल्या दारात मी त्यांना म्हणालो, उद्यापासून माझ्या हॉटेलची पायरी चढू नका. आणखीही बरंच बोललो. परदेशातून पैसा येतो त्याला माणसं भडकवायला काय जातं, असंही बोललो. ते शांतपणे ऐकत होते, म्हणजे या पायावरून त्या पायावर होत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पगार वाढाई देशात ना त्यासले?"

पगार वाढवण्याचं नाव न काढता मी गल्ल्याकडे वळलो. ते निघून गेले.

दोन दिवस हॉटेल बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी मी पगार वाढवला आणि थाळीही वाढवली. मला खात्री होती की गिऱ्हाईक तुटेल. थोडं तुटलं. कॉलेजची पोरं कमी झाली, दोन शिक्षक डबा आणू लागले. पण दुकान चाललं. जे अंगणात उभे होते त्यांचा पगार वाढला. रमिलाबाई उभी राहिली नव्हती. तिचा राहिला.

आबा महिनाभर दिसले नाहीत. मग एक दिवस रस्त्याच्या पलीकडे उभे दिसले. पायरी चढले नाहीत. तिथूनच मोठ्यानं विचारलं, थाळी कितीला केली? मी सांगितलं. ते खूश झाले, खरोखर खूश झाले, आणि न जेवता स्टेशनकडे गेले. मला वाटलं, अजून राग आहे. राग नव्हता. पुतण्या एकदा बियाण्याच्या दुकानात भेटला तेव्हा खरं कारण कळलं. आबांची पेन्शन तिकडच्या पैशात यायची, आणि तिकडचा पैसा घसरत होता. दर महिन्याला मशीनमधून कार्डानं पैसे काढताना पुतण्याच सोबत असायचा. तो म्हणाला, पहिल्या वर्षी यायचे त्याच्या निम्मेही आता येत नाहीत, आणि घरी जेवा म्हटलं तर ऐकत नाहीत. दुपारी स्टेशनच्या बाकाशी उभे राहून शेंगदाणे आणि केळी खातात.

मला ते सहन झालं नाही. मी स्टेशनवर गेलो. माझ्या तोंडून निघालेले शब्द मागे घेतले आणि म्हटलं, आबा, तुम्ही जुन्या भावात जेवा, तुमच्यासाठी थाळी कायम तीच. मला वाटलं होतं, म्हातारा विरघळेल.

"मंग तो फरक कोन भरी?" ते म्हणाले. "रमिलाबाई?"

मी तसाच परत आलो. त्या माणसाला कोणतीही गोष्ट नुसती घेता येत नव्हती, तिच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे बघितल्याशिवाय. आणि एकदा त्यांनी दाखवलं की मलाही ते टोक दिसायला लागायचं. मला ते नको होतं. मला रात्री नीट झोपायचं होतं.

पावसाळ्याच्या शेवटी मोरीवरचा दुसरा माणूस, रमिलाबाईच्या जोडीला भांडी घासणारा, न सांगता सुरतेला गेला. दोन दिवस ताटांचा ढीग तिच्या खांद्याइतका झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा मागच्या दारानं आत आले. बाह्या आधीच वर केलेल्या होत्या. भांडी घासायला माणूस पाहिजे ना, म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. कामगाराला दोन वेळचं जेवण असतं ना, एवढं त्यांनी विचारून घेतलं, मग पगार विचारला. नव्या माणसाला जो द्यावा लागणार होता तो मी सांगितला.

रमिलाबाईला तेवढाच आहे का, त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ती जुनी आहे, तिचं वेगळं आहे. ते मोरीच्या उंबऱ्यावर उभे राहिले. आत जाईनात, बाहेर जाईनात. हॉलमध्ये ताटं संपली होती, वेटर ओरडत होते. मी रमिलाबाईचा पगार तिथल्या तिथे तेवढा केला. चांगुलपणानं केला असं मी कधी सांगत नाही. मला त्या दिवशी ताटं हवी होती.

सत्तरी ओलांडलेला तो माणूस मग रोज सकाळी दहापासून मोरीवर उभा राहू लागला. काम फार देखणं. ताट दोन्ही बाजूंनी उजेडात धरून बघायचे, वाटीच्या कडेखालून बोट फिरवायचे. रमिलाबाईला त्यांनी तुर्की शब्द शिकवले, तिनं त्यांना तिच्या बोलीतले. आतून कधी कधी दोघांचं हसणं यायचं. मी माझ्या हॉटेलात तिचं हसणं पहिल्यांदा ऐकत होतो. गिऱ्हाइकांत कुजबुज झाली की शेठनं परदेश बघून आलेल्या म्हाताऱ्याला भांड्याला लावलंय. माझी लाज निघत होती. मी आबांना दोनदा म्हटलं, पुढे या, गल्ल्याजवळ बसा, लोकांशी बोला, तेवढ्याचा पगार देतो. त्यांनी तिसऱ्यांदा विचारू नका म्हणून सांगितलं.

दुपारी अडीचला ते जेवायचे, मागच्या अंगणात, महाराजांबरोबर. महाराज सांगायचे, शेवभाजी दोनदा घेतात आणि तिसऱ्यांदा वाटी पुसून घेतात.

दिवाळीनंतर नवापूरला हायवेवर एक मोठं हॉटेल सुरू झालं. गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात, तिथला भाव वेगळा, तिथला पगार वेगळा. आबांना ते कळायला आठवडा लागला नाही. एका संध्याकाळी दोघं माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आबांनी रीतसर महिन्याची सूचना दिली. तिथे राहायला खोली आहे आणि रमिलाबाईचा पाडा तिथून जवळ आहे. मग म्हणाले, तुम्ही तेवढा देत असाल तर आम्ही इथेच राहू, आम्हाला हे हॉटेल आवडतं.

मी खूप विचार केला असं दाखवलं. खरं म्हणजे उत्तर मला लगेच माहीत होतं. थाळी आणखी वाढवली असती तर माझ्याकडे जेवायला फक्त लग्नाची वऱ्हाडं उरली असती. मी म्हटलं, आबा, माझ्याच्यानं होणार नाही. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"तुमले परवडत नही," ते म्हणाले, "ते बी खरंच शे."

एवढ्या वर्षांत माझ्या बाजूनं बोललेलं त्यांचं ते एकच वाक्य.

महिना भरला आणि ती दोघं गेली. नवीन माणूस मिळेपर्यंत नऊ दिवस ताटं मी धुतली. सोड्यानं बोटं फाटली. बायको म्हणाली, माणूस पाहिजे अशी पाटी दारावर लावा. लावली. मी लिहिलेल्या आकड्याला कोणी आलं नाही. आकडा बदलल्यावर तोरणमाळकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं, ते अजून आहे.

नवापूरला जाऊन यावं असं माझ्या मनात अनेकदा आलं. रेल्वेनं फार वेळ लागत नाही. प्रत्येक वेळी काहीतरी काम निघालं, किंवा मी काढलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सोमवारी संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. आबा दुपारची पाळी संपवून जेवले, खोलीत आडवे झाले आणि उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रनाळ्याला गेलो. गावचे लोक होतेच. शिवाय नवापूरहून एक जीप आली होती. तिच्यातून त्या हॉटेलचे तीन वेटर, एक आचारी आणि रमिलाबाई उतरली. पुतण्याची बायको ओसरीवर बसून रडत होती. ती इतकी रडेल असं मला वाटलं नव्हतं.

सगळं उरकल्यावर लोक पांगायला लागले. मी गाडीपाशी उभा होतो, रमिलाबाई जवळ आली. तिची तब्येत सुधारली होती. मी विचारलं, त्रास तर झाला नाही ना त्यांना? ती म्हणाली, नाही, शेवटपर्यंत कामावर होते, फक्त दोन दिवसांपासून घाई घाई करत होते. कसली घाई, मी विचारलं.

तिनं सांगितलं की आबांनी एका दिवसाची रजा काढली होती. नवापूरला गेल्यापासून पहिलीच. धुतलेला सदरा खुंटीला लावून ठेवला होता. पहिल्या गाडीनं नंदुरबारला जायचं, तुमच्याकडे पुढच्या दारानं जायचं आणि पैसे देऊन थाळी जेवायची, आता परवडते, असं सगळ्यांना सांगत होते.

"कधीची रजा होती?" मी विचारलं.

"आजची," ती म्हणाली.

त्या दिवशी मंगळवार होता. ती दोघं गेल्यानंतर, पगार आणि गॅस यांचा मेळ बसेना म्हणून, मी मंगळवारी हॉटेल बंद ठेवायला लागलो होतो. आबांना ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी रमिलाबाईलाही सांगितलं नाही. जीपवाला हॉर्न वाजवत होता, त्यांची संध्याकाळची पाळी होती, ती जाऊन बसली.